साखळीसकट नमस्कार

४ मार्च

ताई,

पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहिलेला नाही, हे तुझ्या लगेच लक्षात आलं असेल. मागच्या पत्रात लिहिला होता, तर तू चष्मा काढून म्हणालीस म्हणे, "हिचे नमस्कार तिकडेच राहू देत." तुझा मुलगा मला सगळं सांगतो. तू पाकीट फोडतेस, पत्र वाचतेस, घडी घालून बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवतेस आणि मावशीने काय लिहिलंय असं त्याने विचारलं की "मी कुठे वाचलंय?" म्हणतेस, हेही सांगतो. त्याला ओरडू नकोस. माझा भाचा आहे, थोडा तरी माझ्या बाजूचा असणारच.

तर बातमी अशी, की परवा मी इथे, परदेशातल्या या गावाची नगराध्यक्ष झाले.

हसू आलं ना? मलाही आलं. नगरसेवकांनी हात वर करून मतं दिली. आमच्या पक्षाला एक मत कमी पडत होतं. सगळ्यांचे डोळे भाजीवाल्याकडे. हा अपक्ष आहे, बाजारात त्याचं मोठं दुकान आहे, आणि सभेत तो कधी तोंड उघडत नाही. त्याने सावकाश हात वर केला आणि घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

आता मला एक मोठी खोली आहे. दोन खिडक्या, भिंतीवर माझ्याआधीच्या सगळ्या अध्यक्षांच्या तसबिरी, सगळे उंच, सगळे पुरुष, सगळ्यांना पोटाचा त्रास असावा असे चेहरे. खुर्चीही त्यांच्याच मापाची. बसले की माझे पाय अधांतरी. पुढाऱ्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत असं लोक म्हणतात, माझ्या बाबतीत ते शब्दशः खरं आहे. आमच्या चिटणीसबाई, म्हणजे कचेरीचा सगळा कारभार बघणाऱ्या बाई, हसल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी टेबलाखाली एक पाट आला. सुतार म्हणाला, "कुणाला सांगणार नाही." तिसऱ्या दिवशी सगळ्या गावाला माहीत होतं.

आमचे हे म्हणाले, "आता बाहेर भरपूर बोलायला मिळेल, घरात थोडं मला बोलू दे." मी म्हटलं, बघू.

कामं पुष्कळ आहेत. पाणी, रस्ते, शाळांची छपरं. एक आणखी छोटंसं काम या खुर्चीला चिकटलेलं आहे, त्याबद्दल नंतर लिहीन.

तुझी,
भिंगरी


२१ मार्च

ताई,

तू विचारलं नाहीस, तरी सांगते. कुणीतरी विचारल्यासारखं सांगत राहायचं, हा माझा स्वभाव तुला नवा नाही.

परवा एका शाळेत गेले होते. एका मुलीने विचारलं, नगराध्यक्ष होण्यासाठी काय शिकावं लागतं? मी म्हटलं, पाठ फिरवून उभं राहायला. बाई गोंधळल्या. मग मी मुलांना बँकेतली माझी पहिली नोकरी सांगितली. तळघरात लॉकरची खोली होती. गिऱ्हाइकाची एक किल्ली, माझी एक, दोन्ही लागल्याशिवाय दार उघडत नाही. उघडलं की आपण पाठ फिरवून भिंतीकडे बघत उभं राहायचं. आणि गंमत म्हणजे माणसं पाठीशी फार मोकळं बोलतात. एक आजोबा दर आठवड्याला यायचे, दागिन्यांसाठी नाही, गेलेल्या बायकोचा रुमाल हुंगायला. तो हुंगता हुंगता तिच्याबद्दल तक्रारी करायचे. मी भिंतीकडे बघून हूं हूं करायची. इथली भाषा मी पाठीने शिकले असं म्हटलं तरी चालेल.

मग काउंटर, मग कर्जविभाग. तिथे मी एक खोड लावून घेतली. कुणी दुकानासाठी कर्ज मागितलं, की कागद बाजूला ठेवून मी दुकान बघायला जायची आणि मागच्या दाराने शिरायची. पुढे सगळेच झाडून पुसून ठेवतात. मागची मोरी, खोकी, नोकराचं डबा खायचं स्टूल बघितलं की माणूस कळतो. भाजीवाल्याच्या मागच्या दारात, त्याचं दुकान अगदी चिमुकलं होतं तेव्हा, नोकरासाठी उन्हातून हलवून सावलीत ठेवलेली खुर्ची होती. मी तिथेच हो म्हटलं. साहेब म्हणाले, कर्जाच्या अर्जात खुर्चीचा रकाना नाही. मी म्हटलं, असायला हवा.

पुढे मॅनेजर झाले आणि मग वरच्यांनी आमची शाखाच बंद करायचं ठरवलं. शाखेची मॅनेजर असूनही मी नगरपालिकेत जाऊन त्याविरुद्ध बोलले. शाखा बंद झाली ती झालीच, माझी नोकरीही तिच्यामागोमाग गेली. पण गाव म्हणालं, बाई, तुम्ही निवडणुकीला उभ्या राहा. आणि उभं राहायचं तर इथलं नागरिक व्हायला लागतं. पुढचं तुला ठाऊक आहे.

नागरिकत्वाच्या शपथेच्या आदल्या दिवशी मी तुला फोन केला आणि आशीर्वाद मागितला. तू म्हणालीस, "हात वर करून दुसऱ्यांची होणार आहेस ना? मग आमचा हात डोक्यावर कशाला हवा?" आणि फोन ठेवलास. मोडेन पण वाकणार नाही हा तुझा बाणा. शाळेत मुख्याध्यापिका म्हणून तो शोभला, बहिणीशी जरा जड जातो.

मी चूक केली असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. इतकी वर्षं ज्या गावाचं पाणी प्यायले, तिथल्या नळांसाठी भांडायला मला सभागृहात बसायचं होतं. पण मी इकडची झाले म्हणजे तुझी राहिले नाही, हा हिशोब तू कुठल्या शाळेत शिकवलास ते मला अजून कळलेलं नाही.

आता ते छोटं काम सांगते. नव्याने नागरिक होणाऱ्यांना या गावात शपथ नगराध्यक्ष देतात. गळ्यात शहराची साखळी घालायची, ही चांगली किलोभर असेल, व्यासपीठावर उभं राहायचं आणि एकेक वाक्य म्हणायचं. मग सगळे हात वर करून म्हणतात. पुढच्या महिन्यात माझी पहिली खेप आहे. त्या वाक्यांची मी घरात तालीम करते. आमच्या ह्यांना ती पाठ झाली आहेत. मला मात्र दर वेळी मधेच तू फोन ठेवल्याचा आवाज ऐकू येतो.

भिंगरी


१० एप्रिल

ताई,

शपथविधी झाला. छान झाला. सभागृह भरलं होतं, बँड होता, मी एकही वाक्य चुकले नाही.

वर्तमानपत्रात काहीतरी आलंय. भाच्याने फोनवर दाखवलं तर लक्ष देऊ नकोस. किरकोळ आहे.

गुडघा कसा आहे?

भिंगरी


१४ एप्रिल

ताई,

किरकोळ नाही.

भाचा म्हणतो, तू फोटो बघितलास आणि काही बोलली नाहीस. तू बोलली नाहीस की मला जास्त भीती वाटते. तेव्हा माझ्याकडून ऐक.

शपथ झाली. मग एकेकाने व्यासपीठावर येऊन माझ्या हातून कागद घ्यायचा असतो. वयाने सगळ्यात मोठं माणूस शेवटी, ही चिटणीसबाईंची पद्धत. शेवटी आल्या एक आजी. शिवणकाम करून आयुष्य काढलेल्या, पाठीला थोडं पोक आलेलं, स्वतः शिवलेला कोट. मी विचारलं, आजी, या वयात कशाला त्रास घेतलात? त्या म्हणाल्या, "मुलाचे कागद झाले, सुनेचे झाले, नातवंडं तर इथलीच. घरात मी एकटीच पाहुणी राहिले होते. पाहुण्याला कुणी भांडी घासू देत नाही."

ताई, मी काही ठरवलं नव्हतं. त्यांच्या हातात कागद दिला आणि माझी मी खाली वाकले. इतकी वर्षं इथे कुणासमोर वाकायचा प्रसंग आला नव्हता, पण कंबरेला ते आठवलं. हात आजींच्या बुटांवर. साखळी झोका घेऊन आली ती थेट माझ्या नाकावर आदळली.

आजींना वाटलं, माझं काही पडलं. त्यासुद्धा वाकल्या आणि जमीन चाचपायला लागल्या. चिटणीसबाईंना वाटलं, दोघींचं काही पडलं, तर त्या टेबलाखाली शिरल्या. बँडवाल्यांना थांबा म्हणायला कुणी उभंच राहिलं नव्हतं, त्यामुळे ते वाजवत राहिले. पण फोटोवाल्याने बटण दाबलं ते आजी वाकायच्या आधी. फोटोत त्या ताठ उभ्या आहेत आणि गावाची नगराध्यक्ष त्यांच्या बुटांशी.

विरोधी पक्षाचे नेते दातांचे डॉक्टर आहेत. सवयच आहे, नेमकं दुखतं तिथे टोचायची. त्यांनी माझ्यावर अविश्वासाचा ठराव आणलाय. म्हणतात, "साखळी बाईंची नाही, शहराची आहे. ती गळ्यात असताना नगराध्यक्ष वाकतात, म्हणजे शहर वाकतं. आज एका आजीपुढे, उद्या कुणापुढे?" माणूस वाईट नाही, आणि बोलणं अगदीच टाकाऊ नाही, म्हणून तर त्रास. ठराव मंजूर झाला तर मला खुर्ची सोडावी लागेल. आमच्याकडे एकाच मताचा आधार आहे आणि भाजीवाला नेहमीसारखा गप्प आहे.

आमच्या पक्षाचे पुढारी घरी आले. म्हणाले, "यात काय अवघड आहे? काहीतरी पडलं होतं ते उचलायला वाकले, असं सांगून टाका. मिटलं." मी म्हटलं, पण पडलं नव्हतं. ते म्हणाले, "मग पाडा."

दुसऱ्या दिवशी कचेरीत शिवणवाल्या आजी आल्या. हातात रुमाल, रुमालात एक बटण. काळं, चार भोकांचं, कोटाचं. व्यासपीठावर चाचपताना त्यांना सापडलं. म्हणाल्या, "हेच शोधत होतात ना? कोट घेऊन या, लावून देते." बटण माझं नव्हतं. कुणाचं देव जाणे. त्यांना नाही म्हणवेना, मी आभार मानून घेतलं. पुढाऱ्यांना कळलं तर ते टेबलावर थाप मारून म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला. साक्षीदारही आहे, पुरावाही आहे."

खरं सांगते, मी मोहात पडले. न्हाणीघरातल्या आरशासमोर उभं राहून म्हणून बघितलं, "माझ्या कोटाचं बटण पडलं होतं." वाक्य छान बसलं. कुणालाही खरं वाटलं असतं, मलासुद्धा दोन महिन्यांनी वाटायला लागलं असतं. मला ही खुर्ची हवी आहे, ताई. पाय लागत नाहीत तरी हवी आहे. जुन्या वस्तीतल्या पाण्याच्या नळ्या बदलायचं काम अर्धं झालंय. दुसरा कुणी आला तर ते तिथेच राहील.

पण ते वाक्य बोलले तर तुझं म्हणणं खरं ठरेल. मी इथली झाले म्हणून तिथली राहिले नाही, असं मीच सभागृहात उभं राहून, पुराव्यासकट, सांगितल्यासारखं होईल. शपथ घेताना मी काही सोडलं नव्हतं. बटणासाठी सोडू?

अजून ठरत नाही. सभा पंधरवड्याने आहे. बटण टेबलावर ठेवलंय, येता जाता दिसतं.

भिंगरी


२९ एप्रिल

ताई,

झाली सभा.

प्रेक्षकांच्या बाकांवर जागा नव्हती. आपल्या गावातल्या लोकांना नळांच्या चर्चेला कधी यावंसं वाटत नाही, अब्रूच्या चर्चेला सगळे हजर. (बघ, आपल्या गावातल्या असं लिहून गेले. खोडत नाही.) शिवणवाल्या आजी पहिल्या बाकावर, मुलगा, सून, नातवंडांसकट.

डॉक्टर आधी बोलले. मुद्देसूद, शांत. शेवटी म्हणाले, "नगराध्यक्षांनी एवढंच सांगावं, की त्या का वाकल्या."

पुढाऱ्यांनी माझ्याकडे बघून स्वतःच्या कोटाचं बटण बोटाने वाजवलं. मी खुर्चीवरून उतरले आणि उभी राहिले. म्हटलं, "माझं काही पडलं नव्हतं. मी नमस्कार केला. माझ्या आईच्या घरात वयाने मोठं माणूस समोर आलं की वाकतात, आणि त्याने डोक्यावर हात ठेवायचा असतो. त्या दिवशी सभागृहात सगळ्यांत मोठ्या त्या होत्या. शहर वाकलं असं डॉक्टर म्हणतात. वाकलं असेल. ज्या बाईने घरात भांडी घासायला मिळावीत म्हणून तुमची शपथ घेतली, तिच्यापुढे शहर एकदा वाकलं तर त्याची कंबर मोडत नाही. आणि डॉक्टर, तुम्ही तर जन्मभर लोकांपुढे वाकूनच पोट भरलंत. तुमची मान कुठे खाली गेली?"

हशा झाला. डॉक्टरही हसले, दात चांगले आहेत त्यांचे. हसू ओसरलं तसा शिवणवाल्या आजींचा आवाज, पहिल्या बाकावरून, स्वच्छ: "मग ते बटण कुणाचं?"

पुन्हा सगळं सभागृह हसलं, पण पुढारी हसले नाहीत. मी बटणाची हकिगत सांगून टाकली. बटण आयतं हाताशी होतं आणि ते दाखवून सुटता आलं असतं, हेही सांगितलं. चिटणीसबाई म्हणाल्या, हे इतिवृत्तात कसं लिहू? मी म्हटलं, झालं तसं.

मग हात वर झाले. दोन्हीकडे सारखे. सगळे भाजीवाल्याकडे बघायला लागले. तो पहिल्यांदाच सभेत बोलला. म्हणाला, "बाईंनी माझं दुकान मागच्या दाराने बघितलं होतं. आज आपण त्यांचं मागचं दार बघितलं. मला ठीक वाटलं." आणि ठरावाच्या विरोधात मत दिलं.

तर खुर्ची राहिली. डॉक्टर जाताना म्हणाले, "बाई, माझं मत बदललेलं नाही. पण दाढ दुखली तर या." आमच्या ह्यांनी घरी आल्यावर चहा केला आणि साखर विसरले, म्हणजे त्यांनाही धाकधूक होती. नळ्यांचं काम सोमवारपासून पुन्हा सुरू. मी खुशीत आहे ताई, उगाच नाही म्हणणार नाही. गाडीतून घरी येताना मी चक्क गुणगुणत होते.

एकच सांगायचं राहिलं. सभा संपल्यावर आजी माझ्याजवळ आल्या. नमस्कार म्हणजे काय ते त्यांना आता कळलं होतं, पण पुढे काय करायचं ते जमेना. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला आणि पंप मारावा तसा हलवला. मी म्हटलं, चालेल. प्रेमाने केलं होतं, चाललंच. तरी घरी आले तेव्हा डोकं रिकामं रिकामं वाटत होतं. हे तुला लिहिणार नव्हते. लिहिलं.

भिंगरी


१८ मे

भिंगरे,

तुझी सगळी पत्रं मिळाली. अक्षर अजून तसंच, कोंबडीचे पाय.

फोटो मी मुलाला मोठा करून दाखवायला लावला. गुडघे न वाकवता कंबरेतून वाकली आहेस, या वयात. आईने तसंच शिकवलं होतं. मी शाळेत हजारो मुलींना सांगितलं, एकीलाही जमलं नाही.

शपथेबद्दल माझं मत आहे तेच आहे. ते पत्रात बदलणार नाही. त्यावर आपण समोरासमोर भांडू.

मात्र एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. तू वाकलीस, आणि समोरची बाई जमीन चाचपत बसली. नंतर तिने हात हलवला. म्हणजे तुझ्या डोक्यावर कुणी हात ठेवलाच नाही. मी शिकवलेल्या मुलीने अर्धवट सोडलेलं गणित मी कधी खपवून घेतलं नाही, हे तुला माहीत आहे. हे तर घरचं आहे. आणि ते तुझ्याकडून अर्धवट राहिलेलं नाही, माझ्याकडून राहिलंय.

मुलाने तिकीट काढलंय. पुढच्या महिन्यात येते. गुडघ्याला जिने चालत नाहीत, खालची खोली मोकळी कर. तुझ्या ह्यांना सांग, माझ्या चहात साखर विसरू नका.

मी आले की ती साखळी घालूनच वाक. नाकावर आपटली तर आपटू दे.

ते बटण जपून ठेव, मला बघायचंय. आणि पत्राच्या डोक्यावर नमस्कार लिहायला लाग.

तुझी,
ताई